एकाच कवीची दोन राष्ट्रगीतं, भारताचं आणि बांगलादेशचं: तुलना करायची तर नक्की कशाची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की कॉलेजच्या प्रेझेंटेशनसाठी दोन देशांची राष्ट्रगीतं कंपेअर करायचीत, तुम्ही 'जन गण मन' आणि 'आमार शोनार बांग्ला' निवडलीत कारण दोन्ही रवींद्रनाथांची, आणि आता अडलंय ते इथे की एकाच माणसाने लिहूनही एक एवढं भारदस्त आणि दुसरं एवढं हळवं कसं, शिवाय दोन्हीत सरस कुठलं. वर ग्रुपमधला एकजण म्हणतोय की आपलं तर इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याच्यासाठी लिहिलेलं, त्यामुळे बांगलादेशचंच खरं देशगीत.

मी समूहगान शिकवतो, मुलांनाही आणि मोठ्यांनाही, आणि ही दोन्ही गाणी बरीच वर्षं बसवून घेत आलोय, त्यामुळे माझं उत्तर थोडं गाण्याच्या बाजूने येईल, इतिहासाच्या विद्यार्थ्याचं येणार नाही. 'सरस कुठलं' हे आधी बाजूला ठेवा. खरा घोळ असा की तुम्ही दोन कवितांची तुलना करताय की दोन राष्ट्रगीतांची, हेच ठरलेलं नाहीये. 'जन गण मन' ही मूळ पाच कडव्यांची रचना, त्यातलं फक्त पहिलं कडवं आपलं राष्ट्रगीत. 'आमार शोनार बांग्ला'च्या पहिल्या दहा ओळी बांगलादेशचं राष्ट्रगीत, तसं त्यांच्या संविधानाच्या कलम ४ मध्येच लिहिलंय, पुढचं गाणं त्यात येत नाही. म्हणजे दोन्हीकडे कवीने लिहिलं भरपूर आणि राज्याने उचललं थोडं. भारदस्त आणि हळवं हा जो फरक तुम्हाला वाटतोय ना, त्यातला बराचसा या कापाकापीतून आलाय असं माझं मत आहे, ते खाली सांगतो.

आधी काळ बघू, कारण जॉर्जचा मुद्दाही त्यातच निकालात निघतो. १९०५ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने बंगालची फाळणी केली, त्याविरुद्ध जी चळवळ पेटली त्या दिवसांतलं गाणं म्हणजे 'आमार शोनार बांग्ला'. फाळणी रद्द झाल्याचं जाहीर झालं १२ डिसेंबर १९११ ला दिल्ली दरबारात, आणि ते जाहीर केलं खुद्द पंचम जॉर्जने. त्यानंतर पंधरा दिवसांनी, २७ डिसेंबरला, कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात 'जन गण मन' पहिल्यांदा गायलं गेलं. म्हणजे एका फाळणीच्या एका टोकाला एक गाणं आणि दुसऱ्या टोकाला दुसरं. हा धागा प्रेझेंटेशनमध्ये पहिल्या स्लाइडवर घ्या, लोक सावरून बसतील, कारण बहुतेकांना ही गाणी १९५० आणि १९७२ ची वाटतात. दोन्ही देश जन्माला यायच्या कितीतरी आधीची आहेत, आणि कवी तर १९४१ मध्येच गेले, आपली गाणी दोन वेगवेगळ्या देशांची राष्ट्रगीतं होणार हे त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता.

आता जॉर्ज. त्या अधिवेशनात फाळणी रद्द केल्याबद्दल राजाचे आभार मानायचे असं ठरलेलं होतं हे खरं आहे, आणि त्याच दिवशी राजाच्या स्तुतीचं एक हिंदी गाणंही झालं, ते दुसऱ्याच कवीचं. इंग्रजी पेपरवाल्यांनी दोन्हीची खिचडी केली आणि रवींद्रनाथांनी सम्राटाच्या स्वागताचं गाणं लिहिलं असं छापलं, तिथून ही अफवा निघाली ती आज व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डपर्यंत आलीये. स्वतः रवींद्रनाथांनी १९३७ च्या एका पत्रात लिहून ठेवलंय की सरकारात वजन असलेल्या एका मित्राने राजाच्या जयजयकाराचं गाणं मागितलं, मला नवल वाटलं आणि रागही आला, त्या तिरीमिरीत मी भारताच्या भाग्यविधात्याचा जयजयकार लिहिला, जो युगानुयुगं रथ हाकतोय, तो कुठलाही जॉर्ज असू शकत नाही. तुमचा मित्र कदाचित पाचव्या कडव्यातला 'राजेश्वर' शब्द पुढे करेल, तो तिथे आहे, नाकारू नका. त्याला फक्त चौथं कडवं वाचायला द्या, 'दुःस्वप्ने आतंके रक्षा करिले अंके, स्नेहमयी तुमि माता'. वाईट स्वप्नात मांडीवर घेऊन जपणारी आई. पंचम जॉर्जला कुणी आई म्हणेल असं मला तरी वाटत नाही. शिवाय जानेवारी १९१२ मध्ये हे 'तत्त्वबोधिनी पत्रिके'त छापून आलं ते ब्राह्म समाजाची उपासना-गीतं जिथे यायची तिथे. तेव्हा हा मुद्दा एका स्लाइडमध्ये संपवा, त्याच्यावर अर्धा तास घालवू नका, त्यात तुलनेचं काहीच नाही.

तर कापाकापी. राष्ट्रगीत म्हणून जे कडवं आपण म्हणतो त्यात काय आहे? पंजाब, सिंध, गुजरात, मराठा, द्राविड, उत्कल, बंग, मग विंध्य, हिमाचल, यमुना, गंगा, आणि शेवटी समुद्र. उंचावरून बघितल्यासारखं, नावं घेत घेत. माणूस कुठे दिसत नाही, घर नाही, ऋतू नाही. आणि बांगलादेशच्या दहा ओळींत? एकही नाव नाही, 'बांग्ला' सोडून. नदी आहे पण तिचं नाव नाही, नुसतं 'नदीर कूले कूले', आणि हे कुठे, तर पद्मा-मेघनेच्या देशात. आहे काय, तर फाल्गुनात आमराईचा वेड लावणारा वास, मार्गशीर्षात भरलेली शेतं, वडाच्या मुळाशी पसरलेला आईचा पदर, आणि तिचा चेहरा उतरला की आपले डोळे भरून येतात. हे सगळं जमिनीवर उभं राहून बघितलेलं. कुणीही म्हणेल की एक राजदरबारी आणि एक घरगुती.

पण उरलेली कडवी वाचली की उलटं दिसायला लागतं. 'जन गण मन'च्या तिसऱ्या कडव्यात चढउतारांचा खडतर रस्ता आणि त्यावरून युगानुयुगं धावणारे यात्री आहेत, चौथ्यात काळोखी रात्र, बेशुद्ध पडलेला पीडित देश, आणि ती वर सांगितलेली आई, पापणी न लवता बघत बसलेली. हळवेपणा कमी आहे का यात? आणि 'आमार शोनार बांग्ला'च्या शेवटी काय येतं बघा, गरिबाकडे जे काही धन असेल ते तुझ्या पायाशी ठेवीन, पण परक्याच्या घरून तुझे दागिने म्हणून गळ्यातला फास आता विकत घेणार नाही. हे उघड उघड स्वदेशी आहे, विलायती मालावर बहिष्कार, १९०५ चं रोखठोक राजकारण. म्हणजे भारताने घेतलेल्या भागातून आई गळाली आणि बांगलादेशने घेतलेल्या भागातून भांडण गळालं. तुम्हाला जो फरक दिसतोय तो पाच आणे कवीचा असेल, अकरा आणे निवडणाऱ्यांचा. माझ्या मते तुमच्या प्रेझेंटेशनचा कणा हाच असायला हवा, कारण आपल्याकडे दोन्ही गाणी पूर्ण वाचलेला माणूस सापडणं मुश्किल.

एक गंमत जाता जाता. दोन्हीतला नकाशा आजच्या देशापेक्षा मोठा आहे. सिंध १९४७ पासून पाकिस्तानात, तरी आपण म्हणतो, ते काढून टाका म्हणून याचिका झाली होती आणि सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये ती फेटाळली, कारण गाण्यातलं सिंध म्हणजे नुसता प्रांत नाही, ती संस्कृती आहे. तिकडे 'शोनार बांग्ला' लिहिलं तेव्हा बांग्ला म्हणजे अख्खा बंगाल, कलकत्त्यासकट, आणि फाळणी नको म्हणून लिहिलेलं गाणं दोनदा वाटणी झालेल्या बंगालच्या एका भागाचं राष्ट्रगीत झालं. बांगलादेशात हे बदला अशी मागणी अधूनमधून होते, २०२४ च्या सत्तांतरानंतरही झाली, त्यामागे हेही एक कारण असतं.

आता माझ्या कामाचा भाग, सूर आणि ताल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण फक्त शब्दांवर तुलना करून लोक थांबतात आणि राष्ट्रगीत हे मुळात वाजवायची गोष्ट असते. नेहरूंनी १९४८ मध्ये संविधान सभेत हेच सांगितलं होतं, की राष्ट्रगीत म्हणजे शब्द तर असतातच पण त्याहून जास्त ती चाल असते, परदेशात बँडवर वाजते ती चालच. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत आपल्या शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीत मागितलं गेलं तेव्हा 'जन गण मन'ची रेकॉर्ड दिली गेली, तिथल्या ऑर्केस्ट्राने ती बसवून वाजवली आणि लोकांना ती आवडली, हे त्यांनी त्याच निवेदनात सांगितलंय.

'जन गण मन' मात्रांवर बांधलेलं आहे, बोटावर मोजून बघा. जनगण चार, मनअधि चार, नायक चार, जय हे चार. सोळा. भारत चार, भाग्यवि चार, धाता चार. बारा. 'विंध्य हिमाचल यमुना गंगा' परत बरोब्बर सोळा. चालत चालत म्हणता येतं ते यामुळे, पाऊल आपोआप पडतं. पण 'पंजाब सिंध गुजरात मराठा' मोजा, पाच, तीन, पाच, पाच, झाले अठरा. नेमकं इथेच गर्दी फाटते, अर्धे लोक पुढे पळतात आणि अर्धे 'गुजरात'वर अडकतात, आणि नवीन ग्रुप आला की मी सगळ्यात आधी हीच ओळ घेतो. त्यात अजून एक खोडी आहे. अख्खी चाल बिलावल रागाच्या अंगाने शुद्ध स्वरांवर चाललेली असते, आणि 'मराठा'च्या 'म'नंतर कुठेतरी हळूच तीव्र मध्यम, म्हणजे नेहमीच्या शुद्ध 'म'पेक्षा जरा वरचा 'म', लागतो, लगेच 'द्राविड'ला शुद्ध मध्यम. पेटीवर वाजवून बघितलं की कान टवकारतात. गर्दीत निम्मे जण तो तीव्र मध्यम सरळ पंचमात बुडवून टाकतात, आणि कुणाला कळतही नाही.

सुरुवातीची ओळ सा-रे करून गंधारावर जाऊन जी बसते ती जवळपास तिथेच, म्हणजे ज्याला गाता येत नाही त्यालाही बोलल्यासारखं म्हणता येतं. 'विधाता'ला खालचा निषाद, आणि शेवटी येणाऱ्या तीन 'जय हे'तल्या पहिल्याला एकदम तार षड्ज, म्हणजे वरचा सा. तेवढ्या एका उडीसाठी पट्टी आधीच खाली धरावी लागते, उत्साहाने वर धरली की 'जय हे'ला गाणं संपून आरडाओरडा सुरू होतो. मग ते तीन 'जय हे' पायऱ्या उतरल्यासारखे खाली येतात आणि 'जय जय जय जय हे' परत चढत जाऊन थांबतं कुठे, तर मध्यमावर. षड्जावर नाही. म्हणून ऐकताना काहीतरी पुढे यायचं राहिलंय असं वाटतं. मूळ रचनेत पुढे चार कडवी होती, म्हणून मला तरी ते लटकणं बरोबरच वाटतं.

'आमार शोनार बांग्ला'चं सगळंच वेगळं. ही चाल बाउलांची, म्हणजे बंगालातल्या भटक्या लोकगायक-साधूंची. शिलाइदहला टागोरांची जमीनदारी होती, तिथे गगन हरकरा नावाचा टपाल पोचवणारा माणूस होता, बाउल गाणारा, त्याचं 'आमि कोथाय पाबो तारे' हे गाणं, मनातला माणूस मला कुठे सापडेल असं विचारणारं, त्या चालीवर हे बांधलंय. हरवलेल्याला शोधत फिरणाऱ्या एकट्या माणसाची चाल, ती मातृभूमीच्या गाण्याला लावली. दादऱ्याच्या, म्हणजे सहा मात्रांच्या तालाच्या, अंगाने डोलत जाते, कूच नाहीच तिच्यात. 'मरि हाय, हाय रे' हा तर चक्क उसासा आहे, तो लांबवायचा, वळवायचा, आणि प्रत्येकजण आपापल्या श्वासाने लांबवतो. दहा माणसं एकत्र बसवायची म्हटली तर 'जन गण मन' पटकन बसतं, हे बसायला वेळ घेतं, श्वास कुठे घ्यायचा ते ठरवून द्यावं लागतं. उलट एकट्याला गायला सांगा, 'आमार शोनार बांग्ला' त्याला गाणं म्हणून गाता येतं, 'जन गण मन' एकट्याने म्हटलं की शाळेत शिक्षा झाल्यासारखं वाटतं. (हे माझं मत, वाद घालू शकता.)

म्हणून मग बांगलादेशचं गाणं गर्दीला जमत नाही असा निष्कर्ष काढाल तर तोही चुकेल. २६ मार्च २०१४ ला ढाक्याच्या परेड ग्राउंडवर २,५४,५३७ लोकांनी ते एकत्र म्हटलं, गिनीजमध्ये नोंद आहे. पण सरकारी कार्यक्रमात बँडवर बहुतेक वेळा पहिल्या चारच ओळी वाजतात. आपल्याकडे पूर्ण कडव्याला सुमारे ५२ सेकंद, आणि काही प्रसंगी पहिली आणि शेवटची ओळ एवढंच छोटं व्हर्जन, सुमारे २० सेकंदांचं. वेळेचं हे बंधन दोन्ही राज्यांना पाळावं लागलं, फक्त एका गाण्याला ते जमून गेलं आणि दुसऱ्याचा तुकडा करावा लागला.

स्वीकारलं कसं यातही फरक आहे. 'जन गण मन' २४ जानेवारी १९५० ला संविधान सभेत अध्यक्ष राजेंद्र प्रसादांनी निवेदन करून जाहीर केलं, मतदान झालं नाही, आणि त्याच निवेदनात 'वंदे मातरम्'ला समान मान दिला. शांतपणे, बसून, विचार करून घेतलेला निर्णय. तिकडे झालं ते रस्त्यावर. पाकिस्तानच्या काळात पूर्व बंगालात रवींद्रनाथांच्या गाण्यांवर सरकारची वक्रदृष्टी होती, त्यामुळे ती गाणं हाच निषेध झाला, १९७० च्या 'जीबन थेके नेया' या झहीर रायहान यांच्या सिनेमात हे गाणं होतं, मार्च १९७१ मध्ये विद्यार्थ्यांच्या संग्राम परिषदेने जाहीरनाम्यात ते राष्ट्रगीत म्हणून सांगून टाकलं, १७ एप्रिलला मुजीबनगरला हंगामी सरकारच्या शपथविधीत ते गायलं गेलं, आणि १३ जानेवारी १९७२ ला मंत्रिमंडळाने शिक्कामोर्तब केलं. म्हणजे लोकांनी आधी गायलं आणि सरकार मागून आलं. एवढं हळवं गाणं युद्धाचं गाणं कसं झालं असं जर कुणी विचारलं तर उत्तर इथे आहे. जे गाणं गायची बंदी येऊ शकते त्यात तलवार, रक्त, शत्रू असं काही असायची गरज राहत नाही, आमराईचा वास पुरतो. फ्रान्सच्या 'ला मार्सेयेज'मध्ये शत्रूच्या रक्ताने शेतं भिजवायची भाषा आहे, ते १७९२ मध्ये युद्ध जाहीर झाल्या झाल्या लिहिलेलं. त्याच्या शेजारी ही दोन्ही ठेवलीत की आपली दोन्ही एकमेकांच्या किती जवळची आहेत ते कळतं, दोन्हीत शत्रूच नाही, निदान राष्ट्रगीत म्हणून जे म्हणतात तेवढ्यात तरी.

मग सरस कुठलं? विचारलंत म्हणून सांगतो. राष्ट्रगीत म्हणून 'जन गण मन', कारण हजार बेसूर माणसांनाही ते एका लयीत धरून ठेवतं, आणि राष्ट्रगीताचं पहिलं काम ते आहे. गाणं म्हणून 'आमार शोनार बांग्ला', त्याची चाल कानातून जात नाही. कविता म्हणून विचाराल तर 'जन गण मन'ची तिसरी आणि चौथी कडवी, जी कुणी म्हणतच नाही. तुम्ही कुठल्या तराजूत घालताय त्यावर उत्तर बदलणार, आणि प्रेझेंटेशनमध्ये तराजू आधी सांगितलात तर प्रश्नोत्तरात कुणी अडवणार नाही.

शेवटी कामाच्या दोन गोष्टी. दोन्ही गाण्यांची पूर्ण संहिता देवनागरीत छापून वाटा, एका पानाच्या दोन बाजूंना, राष्ट्रगीतात घेतलेल्या ओळी ठळक आणि बाकीच्या साध्या, म्हणजे कापाकापीबद्दल तुम्हाला वेगळं बोलावं लागणार नाही. आणि रेकॉर्डिंग मध्येच लावू नका, 'जन गण मन' लागलं की सगळ्यांना उभं राहायला लागणार आणि बांगलादेशचं लागलं तर सभ्यता म्हणून तेव्हाही, तुमचा प्रोजेक्टर चालू, लोक उभे, सगळा विचका होईल. चालीतला फरक दाखवायचाच असेल तर पेटी घेऊन बसा आणि नुसते स्वर वाजवा, तीव्र मध्यमाची ती जागा आणि बाउल चालीची एखादी ओळ, तेवढं पुरे. किंवा 'जन गण मन'चं तिसरं कडवं कुणाकडून तरी गाऊन घ्या, चाल तीच आहे, निम्म्या वर्गाला कळणार नाही की उठायचं की बसायचं, आणि चर्चा तिथूनच सुरू होईल.